नखे आणि दात

साम्राज्याचा इतिहास म्हटला की सम्राट, सेनापती आणि लढाया डोळ्यांपुढे उभ्या राहतात. राजाचा हुकूम खेड्यातल्या माणसाच्या दारापर्यंत पायी कोण नेत असे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ब्रॅडली रीड या इतिहासकाराने ती चीनच्या बाबतीत केली. त्यांचा ‘टॅलन्स अँड टीथ’ हा ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. आमच्या सरांनी तो मला दिला. शब्दकोश उशाशी घेऊन मी वाचला.

नखे आणि दात म्हणजे कचेरीतले कारकून आणि शिपाई. सिचुआन प्रांतातील बा तालुक्याच्या कचेरीचे जुने दप्तर शिल्लक आहे. त्यावरून रीड यांनी छिंग राजवटीचा (१६४४–१९१२) खालच्या पायरीवरचा कारभार उलगडला आहे. तिथला मुख्य अधिकारी नियमानुसार परप्रांतातला असे. त्याला ना माणसे ठाऊक, ना रीतीभाती. सारी भिस्त या खालच्या लोकांवर. कायद्याने त्यांची संख्या मोजकी ठरवलेली. प्रत्यक्षात माणसे कितीतरी अधिक. कारकुनांना पगार नाही, शिपायांना नावापुरता. मग ते पक्षकारांकडून पैसे घेत. लुबाडणूक होई, हे रीड झाकत नाहीत. पण पैसे किती घ्यावेत, काम कोणाकडे जावे, याचे नियम या लोकांनी आपसांत ठरवले होते आणि तंटा झाला की ते त्याच अधिकाऱ्यापुढे दाद मागत, हे ते कागदांनिशी दाखवतात.

माझ्या वडिलांनी वीस वर्षे गावची कोतवालकी केली. नोटिसा बजावल्या, दवंडी पिटली, तलाठ्याचे दप्तर वाहिले. मानधन तुटपुंजे. गाव त्यांना सरकारचा माणूस म्हणे. कचेरीत मात्र ते दाराबाहेर उभे असत. म्हणून हा ग्रंथ मला परका वाटला नाही.

छिंग काळात काही प्रकारच्या शिपायांना कायद्यानेच हीन ठरवले होते. त्यांच्या मुला-नातवांना सरकारी परीक्षेस बसण्याची मनाई होती. ज्यांच्या पायांवर राज्य चालले, त्यांच्याच पोरांना दार बंद! वडिलांना हे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग तिथला शिपाई पोराला कशाच्या आशेनं शिकवणार रं?”

आमच्या घरी ती आशा होती. उद्याच्या दवंडीचा कागद आदल्या रात्री वडील माझ्याकडून मोठ्याने वाचून घेत. एखादे अक्षर अडले, तर पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागे. माझी पहिली शाळा तीच.