अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. दवाखान्यात मात्र तिचे हसू मावळते. वृषणाचे दुखणे घेऊन आलेले वडीलधारे गृहस्थ आधी रक्तदाब मोजून घेतात, मग गुडघ्याची तक्रार सांगतात आणि सोबत आलेला मुलगा औषधे आणायला बाहेर गेला, की हळूच म्हणतात, ‘‘डॉक्टर, जरा खाली दुखतंय.’’

निफाडकडचे, ऐंशीकडे झुकलेले एक द्राक्षबागायतदार असेच आले. दुखणे दोन वर्षांचे. १९७६ साली झालेल्या नसबंदीचाच हा परिणाम, अशी त्यांची खात्री होती. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ६० लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. त्यामुळे ही शंका मी अनेक ज्येष्ठांकडून ऐकली आहे. नसबंदीनंतर शंभरांत एकदोघांना दीर्घकाळ त्रास राहतो, हे खरे. पण इतक्या वर्षांनी उठलेल्या कळेचे खापर थेट तिच्यावर फोडले, तर खरे कारण नजरेआड होते.

कारणे अनेक असतात: हर्निया, अंडवृद्धी, फुगलेल्या शिरा, लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग. कधी मूळ दूरच असते. गर्भावस्थेत वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होते आणि खाली उतरताना आपले मज्जातंतू सोबत आणते. म्हणून मूत्रनलिकेत खडा अडकला, तरी कळ वृषणात उतरते. पाठीच्या मणक्यात दबलेली नसही असेच करू शकते.

काकांना उभे करून व झोपवून तपासले; लघवीची तपासणी, डॉपलर सोनोग्राफी झाली. काही सापडले नाही. त्यांचा चेहरा उतरला. ‘‘म्हणजे मी उगाच सांगतोय का?’’ नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ रेंगाळलेल्या दुखण्यात मज्जातंतूच अतिसंवेदनशील होऊ शकतात, आणि ते सोनोग्राफीत दिसत नाही. रिपोर्ट निर्दोष आला, म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

‘‘मग काढूनच टाका. या वयात काय करायचंय?’’ हा प्रश्नही नेहमीचा. पण वृषण काढूनही काहींची वेदना तशीच राहते. म्हणून तो शेवटचा उपाय. मूत्रविकारतज्ज्ञांनी त्यांच्या जांघेतील नसेभोवती बधिरतेचे इंजेक्शन दिले. काही तास कळ थांबली आणि वेदनेची वाट कळली. अशा रुग्णांपैकी काहींना सूक्ष्मदर्शकाखाली त्या नसा छेदण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. काकांना मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषध अल्प मात्रेत, लंगोटासारखा आधार आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम पुरले. दुखणे समूळ गेले नाही, निम्म्यावर आले. ऑक्टोबर छाटणीला ते पुन्हा बागेत उभे राहिले.

घरच्यांना माझी विनंती आहे. वडील पाय फाकवून चालू लागले, दुचाकीवर मागे बसणे टाळू लागले, तर चारचौघांत न विचारता एकांतात विचारा. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने देऊ नका; मूत्रपिंड व जठर त्याची किंमत मोजतात. मज्जातंतूंच्या औषधांनी चक्कर येऊ शकते; रात्री उठताना आधार द्या, दिवा लावून ठेवा. प्रोस्टेट वाढलेले असेल, तर तसे डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधांनी लघवी अडते.

अचानक असह्य कळ आली, सोबत उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नये. वृषणाला पीळ पडून रक्तपुरवठा थांबलेला असू शकतो. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तरच ते वाचण्याची आशा चांगली असते. ताप, लाली व सूज असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. न दुखणारी कडक गाठही दुर्लक्षू नये. डॉक्टरांशी हे बोलायला संकोच वाटत असेल, तर चिठ्ठीवर दोन ओळी लिहून द्या. उपचार सुरू व्हायला तेवढे पुरते.