माल नसताना बाजारात जातो, त्याची गोष्ट



आजची नोंद बाजाराची आहे, पण भावाची नाही. बरेच जण विचारतात, "पिकाच्या नोंदींमधी हे हमालांचे, गाढवांचे, चहाच्या टपरीचे फोटो कशाला टाकता?" एकदा नीट सांगतो.

डिसेंबर २०२३ आठवत असेल. कांद्याची निर्यात बंद झाली आणि बघता बघता लाल कांद्याचा भाव खाली बसला. त्याच आठवड्यात माझी गाडी घोडेगावच्या मार्केटात होती. पट्टी घेऊन घरी आलो, अन् त्यानंतर महिनाभर मी कुणाशी धड बोललो नाही. रानात जायचं, पाणी धरायचं, परत यायचं. पारावर बसणं बंद. लग्नाची पत्रिका आली तरी काहीतरी कारण काढायचं. कर्ज तर होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे समोरचं माणूस दिसेनासं झालं होतं. घरचे घाबरले होते, ते मला नंतर कळलं.

जानेवारीत राहिलेला माल घेऊन परत गेलो. लिलावाला वेळ होता. शेडच्या कडेला एक मावशी कांदा निवडत बसली होती. सकाळचं तिरपं ऊन, त्यात उडणारी लाल सालपटं. मी सहज विचारलं, "मावशी, फोटो काढू का?"

"काढा, पण मला द्यायचा. माझा एकटीचा फोटोच न्हाई. लग्नाकार्यात चार बायांच्या मागं उभी असते, तेवढाच."

फोटो चांगला आला. नगरला स्टुडिओत प्रिंट काढली आणि पुढच्या खेपेला नेऊन दिली. मावशीनं आधी पदराला हात पुसले, मग फोटो घेतला. शेजारच्या बाया गोळा झाल्या. "आमचा बी काढा" म्हणाल्या. कुठलं गाव, पाणी किती, पोरं काय करतात, अशा गप्पा निघाल्या. महिनाभर मुका झालेला माणूस त्या दिवशी तासभर उभा राहून बोलत होता. घरी आल्यावर मंडळींनी विचारलं, "आज भाव बरा लागला काय?" भाव तोच होता.

तेव्हापासून महिन्यातून दोनदा मी बाजारात रिकाम्या हातानं जातो. कधी घोडेगाव, कधी काष्टीचा बैलबाजार, कधी नगरचं एसटी स्टँड. शहरात याला स्ट्रीट फोटोग्राफी म्हणतात. रस्त्यावरचं रोजचं जगणं आहे तसं टिपायचं, कुणाला नटवून उभं करायचं नाही. आपल्याकडं रस्ता म्हणजे आठवडे बाजार, अन् हंगामात पहाटे कारखान्याकडं निघालेल्या ऊसतोडीच्या बैलगाड्या.

पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, हे तुम्हाला माहीतच आहे. तिथं फोटो काढताना एका ओळखीच्या कृषी सहायकानं रघू राय यांची गोष्ट सांगितली. शिक्षणानं ते सिव्हिल इंजिनिअर. १९६५ च्या सुमारास दिल्लीत थोरल्या भावाकडं राहात होते. भाऊ एस. पॉल हे नावाजलेले फोटोग्राफर. एकदा रघू राय कॅमेरा घेऊन एका खेड्यात गेले आणि तिथं गाढवाच्या पिल्लामागं लागले. ते पिल्लू दमून थांबलं तेव्हा फोटो मिळाला. भावानं तो लंडनच्या 'टाइम्स' वर्तमानपत्राला पाठवला आणि तो छापून आला. इंजिनिअरकी मागं पडली, आयुष्य त्या वाटेनं गेलं. पुढं डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली तेव्हा मातीत पुरल्या जाणाऱ्या लहानग्याच्या चेहऱ्याचा त्यांनी काढलेला फोटो जगभर गेला. तो कारखाना कार्बारिल हे कीटकनाशक बनवायचा. आपल्या वडिलांच्या पिढीला ती पावडर चांगली ठाऊक होती.

दुसरं नाव आपल्या मराठी माणसाचं, अकोल्याचे सुधारक ओलवे. मुंबईत वर्तमानपत्रात फोटोग्राफर होते. रोजच्या बातमीचं काम करता करता त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेली, कचऱ्यात उभी असलेली माणसं आणि त्यांची घरंसुद्धा. लाखो लोक रोज ज्यांच्या शेजारून नाक धरून जातात, त्यांच्यापाशी हा माणूस थांबला. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला मोठं वाटतं ते थांबणं.

आता शेतकऱ्याला याचा उपयोग काय, ते सांगतो. बाजारात एका जागी अर्धा तास उभं राहायची सवय लागली, ती रानातही आली. पूर्वी मी बांधावरून चक्कर मारायचो. आता कांद्याच्या ठरलेल्या चार वाफ्यांत दर गुरुवारी थांबतो, वाकतो, त्याच जागेचा फोटो काढतो. मागच्या गुरुवारचा फोटो शेजारी ठेवला की फरक दिसतो. पातीवरचे बारीक पांढुरके, मधे जांभळट ठिपके असे फोटोतच आधी दिसले, तेव्हा करपा दोन वाफ्यांतच होता. फुलकिडे तर पातीच्या बेचक्यात लपतात. पात फाकवून बघितल्याशिवाय सापडत नाहीत.

सल्ला विचारायला फोटो पाठवणाऱ्यांसाठी चार गोष्टी. भर दुपारचा फोटो पाठवू नका, पान नुसतं चमकतं. सकाळी काढा, नाहीतर अंगाची सावली पानावर धरा. झूम करू नका, जवळ जा. एक फोटो ठिपक्याचा, एक अख्ख्या झाडाचा, एक पूर्ण प्लॉटचा असे तीन पाठवा. पानाची खालची बाजू विसरू नका. सोबत लागवडीची तारीख आणि शेवटची फवारणी लिहा. तज्ज्ञालाही नीट दिसलं तरच तो नीट सांगेल.

माणसांचे फोटो काढताना मी नेम ठेवलाय. आधी विचारायचं. घाईत काढलाच तर लगेच दाखवायचा, नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसायचा. ऊसतोडीच्या कोपीवर बायाबापड्यांचा, लेकरांचा फोटो परस्पर काढायचा नाही. ते त्यांचं घर आहे, मग भिंती पाचटाच्या का असेनात. कबूल केलेली प्रिंट पोचवायचीच.

फोटोनं माझं कर्ज फिटलं नाही, हेही सांगतो. हप्ते चालूच आहेत. पण घोडेगावच्या शेडमधल्या वीसेक माणसांना मी नावानं ओळखतो आणि ते मला. भाव पडतो त्या दिवशी आता एकटा घरी येत नाही. चहा घेतो, बसतो, बोलतो, मग निघतो. तुमच्यापैकी कुणी पट्टी खिशात घालून गप्प झालं असेल, तर एक बाजार असा रिकाम्या हातानं फिरून बघा. मोबाईल आहेच खिशात. कॅमेरा विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका.

पुढची नोंद करप्याची. त्या चार वाफ्यांचे नऊ गुरुवारचे फोटो लावून ठेवलेत.