उचल घेण्याआधी एक त्रैराशिक

दसरा-दिवाळी आली की कळंब, वाशी, भूमच्या वाड्या-वस्त्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. कोयता, पीठमीठ आणि लेकरेबाळे घेऊन आपली माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. उचल किती घेतली, हे घरात सर्वांना पाठ असते. ती फिटायला किती टन ऊस तोडावा लागेल, हे मात्र फार थोड्या घरांत मांडले जाते. मी बी.कॉम. झालेला साधा कारकून. वस्तीतील लोकांचे अर्ज, पावत्या पाहता पाहता एवढे सांगावेसे वाटते, की हा हिशेब मुळीच अवघड नाही.

शाळेच्या पुस्तकात याला समप्रमाण म्हणतात. आमचे गुरुजी त्रैराशिक म्हणत. एक गोष्ट जितक्या पटीने वाढते, तितक्याच पटीने दुसरी वाढते, एवढेच त्याचे सार.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. आधी टनाला सुमारे २७३ रुपये मिळत. शंभराचे १३४ झाले, तर २७३ चे किती? २७३ ला १३४ ने गुणा, १०० ने भागा. उत्तर येते सुमारे ३६६.

आता एका जोडीने एक लाखाची उचल घेतली असे धरू. एक लाखाला ३६६ ने भागले की २७३ टन होतात. जोडी रोज दोन टन तोडते असे मानले, तर १३७ दिवस लागतील. पट्टा १२० दिवसांत पडला तर २४० टनांचे ८७,८४० रुपये होतात. १२,१६० रुपये अंगावर राहतात. कारखाना ९० दिवसांतच बंद झाला तर बाकी ३४,१२० रुपये. आठवड्याची खर्ची वेगळीच. पुढच्या वर्षीचा कोयता या बाकीतच बांधला जातो.

मागे एक मावशी पावत्यांचे पुडके घेऊन आल्या होत्या. सोबत सातवीतली नात. पावतीवर ११ टन ४०० किलो, मुकादमाच्या वहीत नुसते ११ टन. मी नातीलाच विचारले, "हजार किलोला ३६६, तर ४०० किलोला किती?" तिने पाटीसारखा कागद मांडीवर घेतला आणि सांगितले, "१४६ रुपये ४० पैसे." अशा वीस पावत्या निघाल्या. एकूण आठ टन, म्हणजे २,९२८ रुपये. मावशी तोच कागद घेऊन मुकादमाकडे गेल्या. कुरबूर झाली, पण आठ टन वहीत चढले.

मात्र प्रत्येक गोष्ट समप्रमाणात बसत नाही, हेही मुलांना शिकवले पाहिजे. आजारपणाने एक दिवस खाडा झाला तर दोन टनांचे ७३२ रुपये बुडतात, हे समजू शकते. त्यावर वेगळा दंड लावतात, तो कोणत्या गणितात बसतो? बाईचे दिवस भरत आले असताना तिने तेवढ्याच मोळ्या वाहाव्यात, हेही कोणत्या गणितात बसत नाही.

म्हणून बंधू-भगिनींनो, यंदा उचलीच्या कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी घरातल्या शिकत्या मुलीला किंवा मुलाला जवळ बसवा. दर, टन आणि दिवस, तिन्ही मांडायला सांगा. दहा रुपयांची एक वही सामानात ठेवा आणि प्रत्येक पावतीचे वजन किलोसकट त्याच दिवशी उतरवा. मुलांना मात्र शक्यतो गावीच ठेवा. हा हिशेब मांडायला त्यांची शाळा सुरू राहिली पाहिजे.