कॉलेज कुणाचं?

कॉलेज कुणाचं असतं? कोल्हापुरात हा प्रश्न विचारलात तर उत्तरात बहुतेक वेळा एक आडनाव आणि त्यापुढे 'साहेब' असं येतं. "ते होय? ते अमक्या साहेबांचं." पण एखादं कॉलेज तिथे शिकणाऱ्या पोरांवरून ओळखायचं, 'हे चंदगड-आजऱ्याच्या पोरांचं कॉलेज' असं म्हणायचं, आणि त्यावरून सरकारनं त्याला पैसे द्यायचे.. हे आपल्या डोक्यातच येत नाही.

माझ्याही आलं नव्हतं. आमच्या टीममध्ये एक जण टेक्सासमधल्या एल पासोचा आहे. गावाला लागून नदी, नदीपलीकडे मेक्सिको. एकदा रात्रीच्या कॉलवर बिल्ड संपायची वाट बघताना (आयुष्यातल्या बऱ्याचशा चांगल्या गप्पा मी बिल्डच्या कृपेनं मारल्यात) तो म्हणाला, माझं कॉलेज 'हिस्पॅनिक-सर्व्हिंग' आहे. मी विचारलं, म्हणजे आमच्याकडच्या अल्पसंख्याक कॉलेजसारखं का? ट्रस्टी हिस्पॅनिक असतात? तो हसायलाच लागला. त्याचं विद्यापीठ सरकारी. १९१४ साली खाणकाम शिकवायला सुरू झालेलं. ते कुणी हिस्पॅनिक लोकांसाठी काढलेलं नव्हतं. पण आज तिथले ८० टक्क्यांहून जास्त विद्यार्थी हिस्पॅनिक आहेत. बस, एवढंच कारण.

मग शनिवारी बसून जरा खोदकाम केलं. १९९२ साली अमेरिकन काँग्रेसनं उच्चशिक्षणाच्या कायद्यात ही ओळख घातली. पदवीच्या पूर्णवेळ हिशेबातल्या विद्यार्थ्यांपैकी किमान २५ टक्के हिस्पॅनिक असले, आणि गरजू विद्यार्थ्यांचं प्रमाण वगैरे अटी पुऱ्या झाल्या, की कॉलेज केंद्राच्या खास अनुदानासाठी अर्ज करू शकतं. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक कॉलेजांचं वेगळं आहे. ती १९६४ च्या आधी, त्याच हेतूनं स्थापन झालेली असावी लागतात. म्हणजे तिथे स्थापनेचा इतिहास बघतात आणि इथे आजची हजेरी. अशी सुमारे ६०० कॉलेजं आहेत आणि देशातले जवळपास दोनतृतीयांश हिस्पॅनिक पदवी-विद्यार्थी त्यांच्यातच शिकतात. महत्त्वाचं म्हणजे यात प्रवेशाचा कोटा नाही. अनुदानातून लॅब झाली की ती सगळ्यांचीच.

आता आपल्याकडे या. राज्यघटनेच्या ३० व्या कलमानं धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापन करायचा आणि चालवायचा हक्क दिलाय. शब्द बघा, 'स्थापन करणे' आणि 'चालवणे'. मुंबईत अकरावीच्या प्रवेशाचा फॉर्म भरलेल्यांना माहीत असेल, के.सी., एच.आर., जय हिंद ही सिंधी भाषिक अल्पसंख्याक कॉलेजं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा खटला इतकी वर्षं चाललाय तोही याच प्रश्नावर, की ते स्थापन नक्की कुणी केलं. १९६७ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी नोव्हेंबर २०२४ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी बाजूला ठेवला, आणि अलीगढचा प्रत्यक्ष निर्णय दुसऱ्या पीठाकडे सोपवला. हा हक्क मोलाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात पहिला प्रश्न असतो तो संस्था कुणी काढली हा. बाकावर कोण बसलंय, हा नाही.

गंमत म्हणजे हा दुसरा प्रश्न कोल्हापूरनं सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला होता.

शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. १८९६ मध्ये महाराजांनी राजाराम कॉलेजसाठी वसतिगृह काढलं, सगळ्या जातींना खुलं. पाटी सगळ्यांची, पण हळूहळू आत भरणा झाला ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच. कारण कॉलेजपर्यंत पोचलेलेच ते होते, आणि कारभारही त्यांच्याच हातात. महाराजांनी पाटी न वाचता डोकी मोजली! मग १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे सारस्वत, दैवज्ञ, नामदेव शिंपी.. यादी मोठी आहे. मधेच २६ जुलै १९०२ चा तो प्रसिद्ध जाहीरनामा, मागासलेल्या वर्गांना ५० टक्के जागांचा.

आम्ही राजारामपुरीतली पोरं दसरा चौकातून जाताना ही बोर्डिंगं बघतच मोठी झालो. जातीची पाटी लावलेल्या इमारती आज बघितल्या की आपल्या पिढीला जरा अवघडल्यासारखं होतं. साहजिक आहे. पण १९०१ मध्ये भुदरगडाहून चालत आलेल्या पोराला ती पाटी काय सांगत होती? की बाबा, या शहरात तुझ्यासाठी एक सतरंजी टाकून ठेवलेली आहे.

पाट्यांचा तोटाही कोल्हापुरातच दिसला. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहायचे. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आले आणि परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं असं सांगतात. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग चालू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला नाव दिलं गेलं शाहू महाराजांचं. भाऊरावांनी जातवार पाट्या काढल्या, पण आत कोण येतंय यावरची नजर काढली नाही. १८९६ च्या खुल्या वसतिगृहात आणि १९२४ च्या खुल्या बोर्डिंगात फरक आहे तो एवढाच, आणि माझ्या मते सगळा फरक तोच आहे.

आता २०२५ मध्ये काय झालं ते. टेनेसी राज्य आणि एक संघटना अमेरिकेत कोर्टात गेली, की २५ टक्क्यांची ही अट भेदभाव करणारी आहे. केंद्र सरकारनं या योजनेची बाजू मांडायला नकार दिला, आणि सप्टेंबरमध्ये शिक्षण खात्यानं या आणि अशा इतर कॉलेजांचं मिळून सुमारे ३५ कोटी डॉलरचं अनुदान थांबवलं. मुद्दा असा, की वंशाची टक्केवारी मोजून पैसे वाटूच नयेत, सगळ्यांना सारखं खुलं ठेवा. ऐकायला बरोबर वाटतं. पण १८९६ चं वसतिगृह सगळ्यांना सारखंच खुलं होतं की राव!

अर्थात त्या मोजणीतही एक बग आहे, आणि तो तिकडचे लोकही सांगतात. २५ टक्के मोजतात ते दाखल झालेले. पदवी घेऊन बाहेर किती पडले, हे त्या अटीत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर साइनअप मोजले, रिटेन्शन नाही.

आपल्याकडे? देशातल्या कॉलेजांची जी सरकारी क्रमवारी लागते, एनआयआरएफ, तिची २०२४ ची चौकट काढून बघितली. १०० पैकी १० गुण सर्वसमावेशकतेला. त्या दहातले तीन गुण परराज्यातल्या आणि परदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी, तीन महिलांसाठी, दोन दिव्यांगांच्या सोयींसाठी. आर्थिक-सामाजिकदृष्ट्या मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांसाठी उरतात दोन. शंभरात दोन! म्हणजे गगनबावड्याची पोरं घेणाऱ्या कॉलेजला मिळतं त्यापेक्षा जास्त बाहेरच्या राज्यांतली मुलं खेचणाऱ्या कॉलेजला मिळू शकतं.

आमच्या गल्लीत वरच्या मजल्यांवर कॉट बेसिसवर पोरं राहायची. आमच्याकडेही चंदगडचा एक जण होता, माझ्याच वयाचा. त्याच्या घरातला बारावीच्या पुढे गेलेला पहिलाच. आई त्याला सणाला जेवायला बोलवायची, आणि तो गणितं मला समजावून द्यायचा. दुसऱ्या वर्षाला घरी काहीतरी अडलं, फी राहिली, एक दिवस वळकटी बांधून गेला. कॉलेजच्या प्रवेशाच्या आकड्यात तो आहे. नंतरच्या कुठल्याच आकड्यात नाही. कुणी वाईट वागलं असंही नाही, फक्त तो गेला हे कळायची सोयच कुठे नव्हती. राजारामपुरीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर शिवाजी विद्यापीठ आहे, तिथे 'कमवा आणि शिका'चं विद्यार्थी भवन आहे. त्यात राहून शिकलेले लोक मी बघितलेत, म्हणून सांगतो, अशा पोराला अडवून धरायला फार पैसा लागत नाही. खोली, जेवण, चार तास काम आणि विचारणारं एक माणूस, बास.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच आहे. आपल्याकडेही अशा कॉलेजांना एक नाव द्या. घरातले पहिलेच कॉलेजात आलेले विद्यार्थी किती आले ते मोजा, आणि तिसऱ्या वर्षाअखेर त्यातले किती उरले तेही मोजा. दोन्ही आकडे चांगले असतील त्या कॉलेजला पैसे द्या, मग ट्रस्टी कुठल्याही साहेबांचे असोत.

तोवर एक घरगुती प्रयोग. पहिल्या वर्षाचा वर्गाचा फोटो काढा, आणि शेवटच्या वर्षाचा. शेजारी ठेवा. दुसऱ्यात कोण नाही, त्यांची नावं आठवतात का बघा.