वीणेचा पहारा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवावयाची नसते. सात दिवस आणि सात रात्री ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असावी लागते. काकडा होतो, पारायण होते, हरिपाठ होतो, कीर्तनाला दाटी होते, आणि मग मध्यरात्र उलटली म्हणजे देवळात समईचा उजेड आणि घोंगडीत गुरफटलेले दोनचार देह एवढेच उरतात. तरी विणेकरी देवासमोर उभाच असतो. त्याचा पहारा संपला की पुढचा येतो, दोघे एकमेकांच्या पायांना हात लावतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. आमच्या वडिवळ्यात या पहाऱ्यांचा बंदोबस्त आबांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे असे. कोणाची वेळ कोणती हे ते पाटीवर खडूने लिहून ठेवीत. १९७३ साली, मी अकरा वर्षांचा असताना, त्या पाटीवर प्रथम माझे नाव लागले : रात्री दोन ते चार. ऐकावयास कोणी नाही, बाहेर नाणे मावळातला काळोख, आणि बोटाखाली तोच एक स्वर. मला केव्हा झोप लागली हे समजले नाही. डोळे उघडले तेव्हा मी खांबाला टेकून बसलो होतो आणि वीणा आबांच्या गळ्यात होती. ती जमिनीला टेकली, की तत्पूर्वीच त्यांनी ती सावरली, हे मला आजतागायत ठाऊक नाही. मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. उरलेला पहारा ते उभे राहिले, आणि दुसऱ्या रात्री पाटीवर त्याच वेळेपुढे पुन्हा माझेच नाव होते.

पुढे मी महसूल खात्यात कारकून झालो आणि छत्तीस वर्षे फेरफार, जमाबंदी, तगाई आणि हजेरीपत्रके यांच्या सहवासात काढली. कचेरीच्या कामाने माणूस रुक्ष होतो असा समज आहे. माझा अनुभव निराळा आहे. ज्या सातबाऱ्यावर एका ओळीने एखाद्या कुटुंबाचे तीन पिढ्यांचे तंटेबखेडे मिटतात, त्या ओळीचा स्वच्छपणा मला अभंगाच्या चरणासारखा वाटत आला. परंतु गाणे मात्र या काळात गुरुवारच्या भजनापुरते उरले. बदलीच्या गावी मी कोणाच्या तरी मागे टाळ घेऊन उभा राही, आणि वीणा पुन्हा गळ्यात घ्यावी असे वाटले तरी घेत नसे. कारण पहारा म्हणजे एका ठिकाणी उभे राहणे, आणि मी तर दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलविणारा माणूस.

युकुलेले माझ्या घरी आले ते २०२० साली, आणि आले तेही परिस्थितीच्या ओघाने. माझी दहा वर्षांची नात तिच्या आईबरोबर पाडव्याला वडिवळ्यास आली होती. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी सारा देश कुलूपबंद झाला. मुलीने पाटीपुस्तकांसमवेत आपले तेवीस इंचांचे वाद्यही आणले होते. त्या लांबलेल्या मुक्कामात ती ओसरीवर बसून ते वाजवी, आणि मी प्रथम कौतुकाने व नंतर लक्षपूर्वक ऐकू लागलो. मे महिन्याच्या अखेरीस मी निवृत्त झालो. निरोपाचा समारंभ झाला नाही. टेबलाच्या किल्ल्या एका लिफाफ्यात घालून दिल्या आणि घरी आलो. आषाढीला संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरपुरास गेल्या, आणि गावातला सप्ताह त्या वर्षी झाला नाही. आबांच्या पाटीवर एकही नाव नव्हते. ती रिकामी पाटी मला जितकी लागली, तितकी रिकामी झालेली खुर्ची लागली नव्हती.

चार नायलॉनच्या तारांचे ते चिमुकले वाद्य वारकऱ्याच्या गळ्यातल्या वीणेच्या जागी धरावे काय, असा संकोच मला प्रारंभी वाटला हे खरे. मग मी त्याचा पूर्ववृत्तान्त शोधला. २३ ऑगस्ट १८७९ रोजी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज मदेइरा बेटावरील पोर्तुगीज मजूर घेऊन होनोलुलूच्या बंदरास लागले. ही माणसे उसाच्या मळ्यांत राबावयास आली होती. त्यांच्यात नुनेस, दियास आणि एस्पिरितो सान्तो हे तीन सुतार होते, आणि त्यांच्या गावाकडचे एक लहान तंतुवाद्यही सर्वांबरोबर समुद्र ओलांडून आले होते. हवाईतील कोआ वृक्षाच्या लाकडातून या सुतारांनी त्याला नवा देह दिला, राजा कालाकाउआ याने त्याला दरबारात आसन दिले, आणि परक्यांचे वाद्य एका पिढीच्या आत त्या बेटांचा स्वतःचा आवाज होऊन बसले. नावाचा रूढ अर्थ ‘उड्या मारणारी पिसू’ असा सांगतात, तो तारांवरून धावणाऱ्या बोटांमुळे; परंतु राणी लिलिउओकलानी हिने लावलेला अर्थ ‘इथवर आलेली भेट’ असा आहे, आणि मला तोच ग्राह्य वाटतो. इथवर आलेल्या भेटीचा अव्हेर करणे मावळच्या माणसाला शोभतही नाही. आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथल्या यवनांनी खांब दान केल्याचे लेख कोरलेले आहेत. त्या खांबांनी दोन हजार वर्षे तो कोरीव मंडप आपल्या देशी शेजाऱ्यांइतकाच निष्ठेने शोभविला. आणि ज्या पेटीवाचून आज आमचे एकही भजन उभे राहत नाही, ती तरी कोठली? पॅरिसमध्ये जन्मलेली. तिला १९४० साली ऑल इंडिया रेडिओने बंदी केली, ती तीन दशके टिकली. पण त्या तीन दशकांत देवळातल्या पेटीने एक दिवसही विश्रांती घेतली नाही.

संकोच फिटला तो मात्र इतिहासाने नव्हे, तर तारा जुळविताना. या वाद्याच्या तारा खालून वर अशा क्रमाने चढत नाहीत. हनुवटीजवळची पहिली तार सर्वांत खर्जातली असावी अशी अपेक्षा करावी तो ती उंच निघते. तंबोऱ्यातही हेच नव्हे काय? आधी पंचम, मग जोडीचे दोन षड्ज, आणि खर्ज सर्वांच्या शेवटी. पांढरी एक हा षड्ज मानला तर युकुलेलेच्या चार मोकळ्या तारा पंचम, षड्ज, गंधार आणि धैवत या चार स्वरांत बोलतात. भूपाच्या पाच स्वरांपैकी चार स्वर बोट न लावता हाती यावेत, आणि उरलेल्या ऋषभासाठी षड्जाच्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर एकच बोट टेकावे लागावे, याचा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणे कठीण आहे. ज्यांनी ही तार जुळवणी प्रचारात आणली त्यांनी भूप ऐकलेला असण्याचा संभव नाही. तरी आमचे पहाटेचे अभंग तिच्यात असे बसले, की जणू त्यांच्या नावाची नोंद त्या लाकडावर आधीच झालेली होती. मींड या वाद्यावर पुरती निघत नाही, आणि स्वर फार काळ टिकत नाही. तेव्हा मींड गळ्याने घ्यावयाची आणि तारेने फक्त साथीला उभे राहावयाचे, असा शिरस्ता मी घालून घेतला.

‘लाइव्ह जा ना, आजोबा,’ असे नातीने सुचविले तेव्हा त्या शब्दाचा मला नीटसा अर्थ लागला नव्हता. मला आठवला तो पुणे आकाशवाणीचा काळ. १९५३ साली ते केंद्र सुरू झाले, आणि १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाची छप्पन्न गीते तेथून प्रसारित झाली. लोक वेळेवर आंघोळी करून रेडिओपुढे बसत, त्याला हार घालीत, असे आई सांगे. हार यंत्राला नव्हता. आत्ता, याच क्षणी, आपल्यासाठी कोणी तरी गात आहे, या भावनेला तो होता. ध्वनिमुद्रित गाणे केव्हाही ऐकता येते, म्हणून ते पुढे ढकलता येते. परंतु चालू असलेल्या गाण्यापाशी हजर राहावे लागते. हजेरी हा शब्द मी आयुष्यभर कागदावर लिहिला. तो गाण्यालाही लागू आहे, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी समजले.

तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला मी माजघरात बसतो. पडवीत बसणे शक्य नाही, कारण आमच्या या घाटमाथ्याजवळच्या मुलखात पाऊस लागला म्हणजे पत्र्यांवर त्याचा एकच कल्लोळ होतो. भिंतीला दोन गोधड्या टांगल्या आहेत, त्याने आवाज घुमत नाही. फोन तिकाटण्यावर; ज्या कोपऱ्यात रेंज मिळते तो खिडकीचा कोपरा त्याचा कायमचा मुक्काम. पावसाळ्यात लाकूड दमट हवा पिऊन सुस्तावते आणि नायलॉनच्या तारा उतरतात, म्हणून अर्धा तास आधी उठून त्या लावाव्या लागतात. वीज जाते, म्हणून फोन रात्रीच भरून ठेवावा लागतो. प्रारंभी मला एक विलक्षण तक्रार आली : गळा ऐकू येतो, वाद्य येत नाही. शोध घेता असे आढळले, की फोनमध्ये गोंगाट गाळण्याची एक व्यवस्था असते. ती सतत चालणारा एकसारखा नाद पंख्याची घरघर समजून पुसून टाकते. ज्या अखंड नादासाठी आमच्या पूर्वजांनी वीणा हाती घेतली, तोच नाद यंत्राच्या दृष्टीने केर ठरला होता. ती व्यवस्था बंद करण्याची कळ सापडली त्या दिवशी मला एखादा जुना फेरफार दुरुस्त केल्याचे समाधान लाभले. एकदा चित्रपटातल्या एका जुन्या गीताची चाल वाजविली तर हक्काच्या आक्षेपाची सूचना येऊन त्या दिवसाचा आवाजच बंद झाला. कायद्याने रचनाकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे ते हक्क चालतात, आणि ते चालावेत हेच न्याय्य आहे. तुकोबांच्या वाणीवर असा कोणाचा कब्जा नाही. ती गावठाणासारखी सर्वांची आहे, म्हणून मी तिच्यातच वस्ती केली.

या बैठकीत आणि देवळातल्या बैठकीत एक अंतर आहे, ते काही सेकंदांचे आहे. मी छेडलेली तार ऐकणाऱ्यापर्यंत लगेच पोचत नाही, थोड्या विलंबाने पोचते, त्यामुळे कोणी टाळी धरली तरी ती माझ्या तालात येऊ शकत नाही. आपण गात असतो ते नेहमी निःशब्द शांततेत, आणि ‘रामकृष्ण हरी’ हे उत्तर उमटते ते पुढच्या अभंगाच्या मध्यावर. आज वीसपंचवीस माणसे नेमाने येतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची मराठी मंडळी माझी पहाट त्यांच्या रात्रीच्या आठ वाजता ऐकतात; कार्तिकातला काकडा संपता संपता तिकडची घड्याळे मागे सरकतात आणि त्यांचे सात वाजतात. कोणी तिकडे मुलांना निजवीत असतो, इकडे कोणी रात्रपाळी संपवून घराकडे निघालेली असते.

परंतु पहिले वर्षभर हे नव्हते. पडद्याच्या कोपऱ्यात ऐकणाऱ्यांचा आकडा दिसतो, आणि तो बहुतेक दिवशी एक असे. पुढे नात पुण्यास परतली, वाद्य मात्र माझ्यापाशी ठेवून गेली. मी रोजनाम्याची एक वही घातली होती : तारीख, तिथी, हवा, तारांची स्थिती, आणि शेवटच्या रकान्यात श्रोत्यांची संख्या. त्या रकान्यात महिनोन्महिने एकाखाली एक असे एकच लिहिलेले आहेत. हा एक कोण असावा? तो कधी काही लिहीत नसे, पण साडेपाचला येई आणि अखेरपर्यंत थांबे. मी त्याच्यासाठी अभंग निवडू लागलो. तो वृद्ध असावा, एकटा असावा, कदाचित अंथरुणाला खिळलेला असावा, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. आणि मग २०२१ च्या श्रावणात, घरची मंडळी, म्हणजे माझी पत्नी, बहिणीकडे गेली असता, सलग दोन पहाटे तो आकडा शून्य राहिला. माझे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. त्याचे काही बरेवाईट तर झाले नसेल? तिसऱ्या दिवशी मी नातीला फोन केला. ती म्हणाली, ‘आजोबा, तो एक म्हणजे आपलाच जुना फोन. आवाज नीट जातो की नाही ते बघायला मी स्वयंपाकघरात ठेवला होता. आजीला रोज लावायला सांगितलं होतं.’

म्हणजे शून्यच ते. चौथ्या पहाटे मी वाद्य घेऊन बसलो तेव्हा कोपऱ्यातले शून्य माझ्याकडे पाहत होते, आणि मला ४८ वर्षांपूर्वीचे देऊळ स्पष्ट दिसले : समई, घोंगड्या, दोन ते चारचा काळोख. त्या रात्री तरी कोण ऐकत होते? आबांनी पाटीवर पुन्हा माझे नाव लिहिले ते कोणाला ऐकविण्यासाठी नव्हे. मी षड्जाची तार छेडली आणि साडेसहापर्यंत गायलो.

पत्नी परतल्यावर मी तिला विचारले, की तू केवळ नातीने सांगितले म्हणून फोन लावीत होतीस काय. ती चुलीवरचे भांडे उतरवीत म्हणाली, ‘ऐकायचे की. दोनदा ऐकायचे. आधी भिंतीतून येतं, मग फोनातून. फोनातलं जरा मागून येतं. भिंतीतलं संपलं तरी माझं चालूच असतं.’

रोजनामा अजून चालू आहे. शेवटचा रकाना मात्र मी तेव्हापासून कोरा ठेवतो. भूपातला शेवटचा अभंग होतो, मी चारही तारांवर तळहात ठेवतो, माजघर शांत होते. आणि मग भिंतीपलीकडून, काही सेकंदांनी, माझाच षड्ज पुन्हा एकदा वाजू लागतो. तो विरेपर्यंत मी वाद्य खाली ठेवीत नाही.