शुद्ध प्रत

आमच्या शाळेंत सुवाच्य अक्षराचे गुण निराळे मिळत, आणि त्या गुणांच्या आडोशाला पुष्कळ चुकीचीं गणितें सुखानें नांदत. चिंचवडला कॉलेजांत विद्यार्थ्यांनीं केलेला छोटा कंपायलर तपासतांना आम्हांस त्या अक्षराची आठवण होते. कंपायलर संगणकाची आज्ञावली वाचून तिचा व्याकरणवृक्ष बांधतो; त्या वृक्षावरून तीच आज्ञावली पुन्हां नीट ओळी पाडून, समास राखून लिहून देणाऱ्या भागाला 'प्रेटी-प्रिंटर' म्हणतात. लांब ओळ कोठें मोडावी याची एक सुरेख रीत डेरेक ओपेन यांनीं १९८० सालीं मांडली. पण रूप साधलें म्हणजे काम झालें असें नव्हे.

मुलें छापील प्रत पुढें धरून "सर, छान दिसते" म्हणतात. मूळ प्रतींत १० − (४ − ३) असतें, उत्तर ९. वृक्षाला कंसांची गरज नसते, क्रम त्याच्या फांद्यांतच असतो. छापतांना कंस विसरून १० − ४ − ३ लिहिलें कीं उत्तर ३. ओळ मात्र पहिलीहून देखणी! म्हणून ही परीक्षा नुसत्या डोळ्यांनीं घेऊं नये. छापलेली प्रत कंपायलरला परत वाचावयास द्यावी, आणि दुसरा वृक्ष पहिल्याशीं फांदी न् फांदी ताडून पाहावा. आपल्या वैदिकांची रीत याच जातीची: संहितेचीं पदें सोडवावीं, आणि पदांचा संधि करून संहिता पुन्हां उभी करावी, अक्षर इकडचें तिकडे होतां कामा नये.

यांतलीं कित्येक मुलें पिंपरी-चाकणच्या मोटारधंद्यांत जातात. तेथें ब्रेकचा दाब केव्हां सैल करावा हें आज्ञावली ठरविते. देखणेपणाचे गुण तेथें कोण देणार?

तरीहि वृक्ष ताडण्याच्या या परीक्षेवर आमचा पुरता विश्वास नाहीं. आज्ञावलींत माणसानें माणसासाठीं लिहिलेल्या टिपा असतात: 'ही मर्यादा कमी करूं नये, इंजिन तापलें असतां घात होईल' अशा. पुष्कळ कंपायलर त्या वाचतांनाच टाकून देतात; वृक्षांत त्यांना जागाच नसते. म्हणून छापतांना त्या गळल्या तरी दोन्ही वृक्ष तंतोतंत जुळतात, आणि परीक्षा बिनबोभाट पार पडते. यंत्राच्या दृष्टीनें कांहींच हरवलेलें नसतें. टिपा मोजण्याची निराळी चांचणी आम्ही घेतों. परंतु मोजणी जुळली तरी टीप आपल्या ओळीशेजारींच राहिली, कीं दुसरीच्या दारांत जाऊन बसली, हें कोणाला तरी वाचूनच पाहावें लागतें. त्या कामाला आम्ही वर्गांतली सर्वांत शंकेखोर मुलगी निवडतों.