आधी उसवण, मग शिवण

जुनी मोटार पुन्हा उभी करणाऱ्या माणसाची कीर्ती सहसा तिच्या इंजिनावर आणि बाहेरच्या रंगावर ठरते. ज्या गाद्यांवर बसून माणसांनी प्रवास केला आणि ज्या दारांवर त्यांनी कोपर टेकले, त्या अंतर्भागाकडे पाहणाऱ्याची नजर सर्वांत शेवटी वळते, आणि खर्चाच्या तपशिलातही त्याचा क्रमांक शेवटचाच लागतो. बंगळूरच्या के. आर. पुरममध्ये माझ्या काकांच्या एम. जी. टी. डी. या दोन आसनी गाडीचा अंतर्भाग पूर्ववत करण्याचे काम मी अथपासून इतिपर्यंत जवळ बसून पाहिले, त्यात हातभार लावला, आणि त्यानंतर माझे मत असे झाले आहे की हे काम इंजिनाच्या कामाहून अवघड आहे. कारण इंजिनाची मापे पुस्तकात छापलेली मिळतात, गादीची मापे गादीलाच विचारावी लागतात.

काका पुण्याहून बंगळूरला आले ते १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमधील नोकरीच्या निमित्ताने. दूरवाणीनगरच्या वसाहतीत त्यांची हयात गेली, आणि निवृत्तीनंतर तेथून हाकेच्या अंतरावर के. आर. पुरममध्ये त्यांनी घर बांधले. गाडी त्यांनी तरुणपणी, मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून घेतली होती. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९४९ च्या अखेरीपासून १९५३ पर्यंत या जातीच्या २९,६६४ गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला रवाना झाल्या. हिंदुस्थानच्या वाट्याला आलेल्या मोजक्या गाड्यांपैकी ही एक. काळा रंग, आत तांबडे कातडे, १२५० घनसेंटिमीटरचे इंजिन, पुढे लांबलचक बॉनेट आणि मागे उघडे लटकणारे जादा चाक असे तिचे रूप. काकांच्या घरापुढचा जुना मद्रास रस्ता तेव्हा शेतांमधून जात असे. आज त्याच रस्त्यावर टिन फॅक्टरीच्या चौकातील कोंडी आहे, २००३ सालचा झुलता पूल आहे, २०२३ पासून मेट्रोची धडधड आहे, आणि काकांच्या आवारातील पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी आहे.

इंजिन आणि ब्रेक यांची व्यवस्था आधीच झाली होती. आतल्या गाद्यांसाठी ज्या पहिल्या दुकानात चौकशी केली, तेथे सल्ला मिळाला की सगळे जुने खरवडून टाकावे आणि हल्लीच्या गाड्यांना बसवतात तसे चकचकीत कृत्रिम कातडे एका दिवसात चढवून घ्यावे. काकांनी तो नाकारला. त्यानंतर के. आर. पुरमच्या बाजारामागील एका बोळात कुशनचे काम करणाऱ्या एका वृद्ध मास्तरांचा पत्ता लागला. ते नामदेव शिंपी समाजाचे. सोळाशे अडतीसनंतर शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली, त्या काळापासून मराठी बोलणारी कित्येक घराणी या मुलखात आली आणि स्थिरावली. मास्तरांच्या घरी आजही मराठी बोलतात, मात्र तिला कानडीचा हेल आहे आणि कित्येक शब्द असे आहेत की जे पुण्यात कधीच मागे पडले. गाडीभोवती एक फेरी मारून, गादीच्या कडेत बोट घालून ते म्हणाले, “आधी उसवू, मग शिवू. आत काय आहे ते बघितल्याशिवाय मी तुम्हाला पैसे सांगणार नाही.” त्या एका वाक्यावर काकांनी काम त्यांच्या हवाली केले.

त्यानंतर जे घडले त्याला उसवण म्हणावे की वाचन, हा मला प्रश्न पडतो. सर्वांत वर तपकिरी वेलवेट होते; गाडी लग्नाच्या वरातींना मागून नेत असत, त्या दिवसांतले. त्याखालचा फोम हाताच्या स्पर्शाने पिवळी भुकटी होऊन गळाला. त्याखाली काळे रेक्झिन आणि काथ्याचा थर निघाला. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची चणचण निर्माण होऊन बाहेरून येणाऱ्या मालावर कडक निर्बंध आले, तेव्हा सुटे भाग आणि कातडे मागवण्याचा मार्ग बंद झाला आणि देशभरच्या विलायती गाड्यांच्या अंगावर हे देशी रेक्झिन चढले, त्यांपैकीच हे एक. आणि या सगळ्याच्या तळाशी, सुरकुतलेले, ठिकठिकाणी तडकलेले, परंतु जागेवर शाबूत असे मूळचे तांबडे कातडे होते. मास्तरांनी वरचा एकही थर फाडून काढला नाही. पात्याच्या टोकाने एकेक टाका उचलायचा, दोरा चिमटीत धरून ओढायचा, लोखंडी चुका पकडीने सरळ वर काढून एका डब्यात टाकायच्या, आणि प्रत्येक तुकडा निघाला की त्यावर कागदाची चिठ्ठी लावून जागेचे नाव लिहायचे. डावी गादी, पुढची पट्टी. उजवे दार, खिशाचा काठ. पंचनाम्यात मुद्देमालाची नोंद होते, तितकीच काटेकोर ती नोंद होती, आणि ती लिहिण्याचे काम माझ्याकडे होते.

मूळ कातड्याची उलटी बाजू जेव्हा प्रथम उजेडात आली, तेव्हा मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यावर खडूने ओढलेली एक रेघ होती, आणि कडेला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बारीक खाचा होत्या. दोन तुकडे जोडताना कोणती खाच कोणत्या खाचेसमोर यावी, हे ॲबिंग्डनच्या कारागिराने कापतानाच ठरवून ठेवले होते. मास्तरांना इंग्रजी वाचता येत नाही. परंतु त्या खाचा त्यांनी क्षणात वाचल्या, कारण शर्टाची बाही खांद्याला जोडताना त्यांचे वडील नेमक्या अशाच खाचा पाडीत. ॲबिंग्डन आणि के. आर. पुरम यांच्यामध्ये सात समुद्र आहेत खरे, पण शिवणकामाची लिपी दोन्हीकडे एकच निघाली.

उसवल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अंगाला स्पर्श होतो तेवढ्याच भागावर कारखान्याने अस्सल कातडे वापरले होते. गादीच्या बाजू, पाठीची मागची बाजू आणि दारांचे अस्तर यांना कातड्यासारखे दिसणारे लेपाचे कापड होते. अनेक हौशी मालक आता सर्वत्र कातडे लावतात आणि त्याला सुधारणा म्हणतात. आम्ही तसे केले नाही. टी. डी. ही धनिकांची गाडी नव्हती. युद्धाने खंगलेल्या इंग्लंडने परदेशात विकून चलन मिळवण्यासाठी काटकसरीने बांधलेली ती गाडी होती, आणि ती काटकसर तिच्या चारित्र्याचा भाग आहे. ती पुसून टाकणे म्हणजे तिच्या जन्माची हकीकत खोडून काढणे, असे मला मनापासून वाटते.

रंगाचा प्रश्नही उसवणीनेच सोडवला. वरून पाहता कातडे विटकरी, काही ठिकाणी जवळजवळ तपकिरी झाले होते. पण शिवणीच्या दुमडीत, जेथे सत्तर वर्षे ऊन पोहोचले नव्हते, तेथे बोटभर रुंदीची मूळ तांबडी कड जशीच्या तशी होती. तीच कड कापून आम्ही बरोबर घेतली आणि राणीपेटची वाट धरली.

काकांच्या दारावरून जाणारा जुना मद्रास रस्ताच कोलार, मुळबागल, चित्तूर करीत राणीपेटला पोहोचतो. पालार नदीच्या काठावरील राणीपेट, आंबूर आणि वाणियमबाडी ही गावे कातडे कमावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहेत. एके काळी मद्रास इलाख्यातून ‘ईस्ट इंडिया’ या नावाने जे कातडे लंडनच्या बाजारात जाई, ते तरवडाच्या सालीने कमावलेले असे आणि शेवटी त्याला हिरड्याचे पाणी दिले जाई. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी बहरणारा तरवड आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून गोळा होणारा हिरडा यांची या उद्योगाशी अशी गाठ आहे, हे तेथील एका व्यापाऱ्याने सांगितले तेव्हा मला त्या परक्या गावाविषयी एकदम आपुलकी वाटू लागली. आता बहुतेक माल क्रोमच्या क्षारांनी कमावतात. त्याने कातडे मऊ राहते आणि काम झपाट्याने होते, पण त्याची किंमत पालारने मोजली आहे. चर्मोद्योगाच्या सांडपाण्याने या खोऱ्यातील विहिरी आणि जमिनी नासल्या, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला वेल्लोरच्या नागरिकांच्या अर्जावर, जो प्रदूषण करील त्यानेच त्याची भरपाई करावी, असा निवाडा द्यावा लागला. कातड्याच्या सौंदर्याची तारीफ करणाऱ्याने हे विसरू नये.

व्यापाऱ्याने कातडी जमिनीवर पसरली. प्रत्येकीच्या मागे तिचे क्षेत्रफळ चौरस फुटांत लिहिलेले होते. मास्तर गुडघ्यावर बसले, अंगठ्याने पृष्ठभाग दाबून दुमडला, आणि दुमडीवर पडणाऱ्या रेषा उजेडाकडे धरून पाहिल्या. रेषा बारीक आणि एकसारख्या असतील तर कातडे घट्ट, मोठ्या आणि सैल असतील तर ते बसायच्या जागी लौकरच फुगणार. मग त्यांनी गोचिडांचे डाग आणि काटेरी तारेचे ओरखडे शोधले, आणि कोणता डाग कोणत्या तुकड्याच्या आत दडवता येईल याचा हिशेब तेथेच मनाशी मांडला. पाठीच्या कण्यालगतचा भाग ताणला जात नाही, म्हणून तो गादीच्या मध्यभागासाठी. पोटाकडचा भाग सैल, म्हणून तो जेथे वजन पडत नाही अशा कडांसाठी. आमच्या तांबड्या कडेशी तंतोतंत जुळणारा रंग तयार नव्हता. तो व्यापाऱ्याने मागाहून मुद्दाम करवून दिला.

कापडावरची शिवण चुकली तर उसवता येते; कातड्यावर सुईने पाडलेले भोक कायमचे. टाके फार जवळ घातले तर टपालाच्या तिकिटांच्या तावाप्रमाणे कातडे त्या रेषेवर फाटते, फार दूर घातले तर शिवण उघडी पडते. म्हणून मास्तरांनी जुन्या तुकड्यावरील टाके मोजून यंत्र तेवढ्यावरच लावले. गादीवरील उभ्या चुण्यांचे काम सर्वांत जिकिरीचे. खाली मांजरपाट, वर कातडे, दोहोंच्या मध्ये पिंजलेला कापूस, आणि प्रत्येक चुणीची शिवण पहिलीशी समांतर. मूळ चुण्यांत कापूसच होता, तो आता दगडासारखा बसला होता. फोमची पट्टी घातली असती तर काम निम्म्या वेळात झाले असते आणि चुणी अधिक गुबगुबीत दिसली असती, परंतु मग ती या गाडीची चुणी राहिली नसती. मास्तरांचा नातू शेजारी उभा राहून कापूस भरीत होता, आणि शेडच्या पलीकडून के. आर. पुरमच्या डिझेल शेडमधील इंजिनांचे भोंगे अधूनमधून ऐकू येत होते.

बसवण्याचे काम तुलनेने लौकर झाले. या गाडीचा सांगाडा ॲश नावाच्या विलायती लाकडाचा, त्यावर पोलादी पत्रा. दारांजवळचा एक दांडा वाळवीने पोखरला होता, तो सुताराने सागवानात घडवून दिला. मग सोल्युशन लावून अस्तरे चिकटवली, आणि जुन्याच जागी, जमले तेथे जुन्याच भोकांत, नव्या चुका मारल्या.

काका ऐंशी उलटलेले. त्यांनी चालकाच्या जागी बसून दोन्ही तळवे गादीवर टेकवले आणि मास्तरांना एवढेच विचारले, “मास्तर, जुने कुठे आहे?” मास्तरांनी चिठ्ठ्या लावलेल्या तुकड्यांची पेटी त्यांच्यापुढे ठेवली. ती पेटी आता गाडीच्या कागदपत्रांबरोबर कपाटात आहे, आणि त्या तुकड्यांवरून उतरवून घेतलेले पुठ्ठ्याचे नमुने मास्तरांकडे आहेत.

बंगळूरमध्ये, मुंबईत, पुण्यात आणि कोल्हापुरात अशा गाड्या अजून आहेत, आणि त्यांच्या गाद्यांखाली त्यांचे मूळ बहुधा दडलेले आहे. ज्यांच्या ताब्यात त्या आहेत, त्यांना माझी विनंती आहे की नवे चढवण्याची घाई करू नका. एखादा जुना शिंपी अथवा कुशनवाला हुडकून काढा, त्याला त्याच्या वेळेचे पुरेसे पैसे द्या, उसवताना त्याच्याशेजारी बसा आणि निघालेला प्रत्येक तुकडा नाव लिहून जपून ठेवा. मास्तरांचे नमुने ज्यांना हवे असतील त्यांना मास्तर ते नकलून द्यायला तयार आहेत.